एक लांब, दोन आखूड

आधी पत्रा आला, माणूस नंतर.

ऑक्टोबरचा महिना, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात वसंत. कोकरं नुकतीच जन्मली होती, आणि दक्षिणेकडून असा वारा सुटला होता की आमच्या खोऱ्यात वाळत घातलेले मोजे पुढच्या गावात सापडावेत. मी सायकलवरून टेलिफोन एक्स्चेंजकडे निघाले होते. उंच हिरव्या कुंपणावरून एक पन्हळी पत्रा उडत आला, रस्त्यावर दोनदा आपटला आणि माझ्या पुढच्या चाकापाशी थरथरत पडला. त्याच्या मागोमाग आवाज आला —

"त्याच्यावर उभ्या राहा! हलू नका!"

मी सायकल टाकली आणि पत्र्यावर दोन्ही पाय रोवून उभी राहिले. एका हातात स्कर्टचा घेर, दुसऱ्या हातात टोपी. कुंपणाच्या फटीतून एक उंच, तांबूस केसांचा तरुण बाहेर आला. तोंडात चार खिळे, कानावर पेन्सिल.

आवाज माझ्या ओळखीचा होता. चेहरा नव्हता.

"तुम्ही… एक लांब, दोन आखूड!" मी म्हणाले.

त्यानं तोंडातले खिळे काढले. "आणि तुम्ही 'नंबर सांगा'. तुम्ही उंच असाल असं वाटलं होतं."

"मला वाटलं होतं तुम्ही टकले असाल."

आजच्या मुलींना हे सांगावं लागतं. तेव्हा आमच्या खोऱ्यातल्या नऊ घरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. फोन आला की नऊही घरांत घंटी वाजायची, म्हणून प्रत्येक घराची घंटी वेगळी. ड्रमंडबाईंकडे तीन आखूड, पाद्रीबुवांकडे दोन लांब, आणि ह्या तरुणाकडे, फर्गसकडे, एक लांब, दोन आखूड. आपली वाजली तरच उचलायचा. स्वतःला फोन करायचा असेल तर उचलून आधी विचारायचं, "चालू आहे का?" कुणी बोलत असलं की ते सांगायचं, "चालू आहे!" मग आपण ठेवून द्यायचा. निदान ठेवल्यासारखं करायचं.

आणि ह्या सगळ्या तारा जिथं येऊन मिळत, त्या पोस्टामागच्या खोलीत मी, नोएलीन, वय चोवीस, कानाला यंत्र लावून बसायची. नुसत्या आवाजावरून माणसाचं वय, वजन, आणि त्याचं बायकोशी भांडण झालंय का, हे सगळं ओळखते असा मला गर्व होता. ह्या फर्गसला मी चाळिशीचा, बुटका आणि टकला ठरवून टाकलं होतं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

पत्रा परत नेऊन ठेवेपर्यंत मी त्याचं आवार पाहून घेतलं. मास्तरांचं जुनं घर त्यानं वर्षापूर्वी घेतलं होतं. छपराला भोकं, व्हरांड्याची पायरी मोडलेली, पाण्याची टाकी एका बाजूला कललेली. आणि मागच्या अंगणात, झाडाखाली, हिरव्या ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी भलंमोठं.

"ती ऑगस्टा," तो म्हणाला. आवाज एकदम मऊ.

त्यानं ताडपत्री जराशी वर केली, एखाद्या झोपलेल्या बाळाची चादर करावी तशी. आत एक उघडी जुनी मोटार होती. एक दिवा नाही, दार नाही, बैठकीत उंदरांनी केलेलं घर. उरलेल्या एका दिव्यावरची धूळ त्यानं स्वतःच्या बाहीनं पुसली. माझ्या कोपराला गंजाचा एवढा मोठा डाग लागला होता, तो काही त्याला दिसला नाही.

खरं सांगते, सवत मला पहिल्याच दिवशी भेटली.

"कधी सुरू होणार?" मी विचारलं.

"आधी तिच्यासाठी शेड हवी. शेडसाठी लाकूड आणलं होतं, ते स्वयंपाकघराच्या जमिनीत गेलं. जमीन कुजली नळामुळे. नळ गळत होता टाकीमुळे. आणि टाकी दुरुस्त करायला चढलो तेव्हा कळलं की छप्पर…" त्यानं वर बोट दाखवलं.

"म्हणजे छपरापासून सुरुवात."

"तुम्हाला हातोडा धरता येतो?"

"माझे वडील सुतार होते. ओळंबा कसा लावायचा ते मी बाराखडीच्या आधी शिकले."

"मग शनिवारी या ना. त्या बदल्यात गाडी सुरू झाली की पहिली फेरी तुमची. समुद्रापर्यंत."

"ठरलं," मी म्हणाले. "पण गाडी सुरू झाली की माझी सुटका. त्या दिवसानंतर एकही शनिवार नाही हं. मी शब्दाची पक्की आहे."

मी हे नुसतं तोऱ्यात बोलले होते. त्यानं मात्र ते फारच मनावर घेतलं. पण हे मला कळायला पुढचे आठ महिने जायचे होते.

शनिवार सुरू झाले. नाताळपर्यंत आम्ही छप्पर केलं, टाकी सरळ केली. "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते आठवत नाही. बहुधा त्याच्या हातातून पाना निसटून माझ्या पायावर पडला तेव्हा. मी शिडीवर असले की तो खाली उभा राहून शिडी धरायचा आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचा… इतका दुसरीकडे, की एकदा त्यानं शिडी सोडून डब्याचंच झाकण धरून ठेवलं होतं.

"फर्गस, शिडी!"

"धरलीय की."

"ते रंगाच्या डब्याचं झाकण आहे."

उन्हाळा आला. दुपारी पायरीवर बसून आम्ही चीज घालून गुंडाळलेला गरम पाव खायचो. त्याच्या हाताला रंध्याच्या भुश्याचा वास, माझ्या केसांत लाकडाच्या कुरळ्या ढलप्या. तो हळूच एक ढलपी काढायचा, बघायचा आणि खिशात टाकायचा.

"काय करणार तिचं?"

"शेकोटी पेटवायला," तो म्हणायचा, आणि कान लाल.

पण गाडीचं काही पुढे सरकेना. फेब्रुवारीनंतर तर कामांना ऊत आला. कोंबड्यांचं खुराडं. मग खुराड्याचं कुंपण. मग कुंपणाला दार. मग म्हणे न्हाणीघरात कपाट हवं. शेडचे खांब एप्रिलमध्ये एकदाचे उभे राहिले, तर खिडकी कुठल्या भिंतीला करायची यात तीन शनिवार गेले.

"आणि ऑगस्टा?" मी विचारायची.

"तिला काय घाई आहे," तो म्हणायचा, आणि जाता जाता ताडपत्रीवर हलकेच थाप मारायचा. दर वेळी मारायचा. माझ्या पाठीवर कधी मारली नव्हती.

ताडपत्रीखालच्या गंजक्या बाईवर जळणं एक वेळ परवडलं. पण मे महिन्यात माझ्या लक्षात आलं की खरी सवत तिकडे तिमारू शहरात राहते आणि तिला आवाज आहे.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता फर्गस तिमारूचा एकच नंबर मागायचा. व्हायडा कॉस्ग्रोव्ह. मी जोडून द्यायची. पलीकडून हसणं यायचं, ओलं, खळखळतं, विशीतल्या मुलीचं. "फर्गी! आहेस का रे, राजा!" मी ऐकायची कळ बंद करायची. नियम होता तो. पण परगावचा फोन, त्यामुळे तीन मिनिटांनी मधे बोलावंच लागे. "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" आणि फर्गस म्हणायचा, "वाढवा." माझ्याशी बोलताना 'वाढवा', जणू आदल्या शनिवारी माझ्याच डब्यातला केक त्यानं खाल्ला नव्हता. कधी सहा मिनिटं, कधी नऊ. शनिवारी माझ्याशी तो सलग नऊ मिनिटं कधी बोलला नव्हता.

मी मनात त्या व्हायडाला रंगवलं. पिवळे केस, पिवळी सँडल, पातळ कंबर. तिला शिडी धरून द्यावी लागत नसणार. तिला कुणी ओळंबा लावायला सांगत नसणार.

"तिमारूला कोण आहे तुझं?" एका शनिवारी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. माझा आवाज मलाच रंध्यासारखा खरखरीत वाटला.

"तिमारूला? सुट्या भागांचं बघतो तिकडे," तो म्हणाला, आणि खिळा सोडून अंगठ्यावर हातोडा मारून घेतला.

त्याच आठवड्यात मला पत्र आलं. आमच्या गावचं एक्स्चेंज वर्षाअखेर बंद होणार, आपोआप जोडणारी यंत्रं येणार; मला दूरच्या डनिडिन शहरातल्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये जागा देत होते. होकार असेल तर सोमवारच्या टपालानं कळवायचं. मी ते उशीखाली ठेवून झोपले. जावं असं वाटत नव्हतं. पण राहावं तर कुणी 'राहा' म्हणायला नको का?

आणि मग आला तो गुरुवार. चार वाजता त्यानं नंबर मागितला. मी जोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा… बरं, चौथ्यांदा… कळ बंद केली नाही.

"तिला अजून सांगितलं नाहीस?" व्हायडा म्हणत होती.

"नाही."

"किती दिवस लपवणार आहेस रे?"

"शेड उभी राहू दे. मग सांगतो."

"तू सांगणार नाहीस. शनिवारी मीच येते. मला बघायचंय एकदा —"

आणि दोघंही एकदम गप्प झाली. चोरी पकडली गेल्यावर माणसं होतात तशी. मग फर्गस फार मोठ्यानं म्हणाला, "हवा बरी आहे नाही इकडे?"

मी यंत्र काढून ठेवलं. बाहेर खरोखरच हवा बरी होती.

शुक्रवारी संध्याकाळी डनिडिनला होकार लिहिला, पाकीट बंद केलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. शनिवारी जायचं नाही असंही ठरवलं. पण शनिवारी अख्खं खोरं त्याच्याकडे जमणार होतं, शेडचं छप्पर चढवायला. आमच्याकडे कुणाची शेड उभी राहायची असली की पुरुष हातोडे घेऊन येतात आणि बायका ताटं भरून खाणं. न जाणं म्हणजे गावाला सांगणंच. शिवाय — खोटं कशाला बोलू — मला ती पिवळी सँडल बघायची होती. मी माझा निळा पोशाख काढून घातला, पाकीट त्याच्या खिशात टाकलं. हातोडा घेतला. छपरावर निळा पोशाख घालून कोण चढतं? मी चढले.

"अगं, आज चर्च आहे का?" खालून ड्रमंडबाई ओरडल्या.

"वारा लागू दे जरा कपड्यांना," मी म्हणाले.

फर्गसनं वर पाहिलं. पहिल्यांदाच दुसरीकडे पाहिलं नाही. "फार छान —" त्यानं सुरुवात केली.

"पत्रा दे," मी म्हणाले.

त्यानं मुकाट्यानं पत्रा दिला. मी त्यात खिळे असे ठोकले की त्या पत्र्याचा काहीतरी गुन्हा असावा.

अकराच्या सुमाराला रस्त्यावर फटफट आवाज झाला आणि फाटकातून एक जुनी उघडी मोटार आत आली. हुबेहूब ऑगस्टा, पण चकाकती, दोन्ही दिवे, दोन्ही दारं. माझ्या हातातला हातोडा थांबला. आता पिवळे केस… आता सँडल…

आधी एक पुरुषी बूट बाहेर आला. मग दुसरा. मग दोन्ही बुटांत उभी असलेली सत्तरीची एक बाई, डोक्यावर विणलेली टोपी, हनुवटीवर तेलाचा डाग.

"फर्गी! आहेस का रे, राजा!" तीच खळखळ. तोच विशीतला आवाज, त्या सुरकुतलेल्या गळ्यातून.

मी छपरावर मटकन बसले.

"कुठाय ती?" तिनं वर पाहिलं. "ही का? निळीवाली? अरे, ही तर फारच छान आहे! ये गं पोरी खाली, मला बघायचंय तुला. ह्यानं तुझ्याबद्दल बोलून बोलून माझे कान किटवले. मी ह्याला गाडीचे भाग देते आणि हा मला तुझ्या ओळंब्याच्या गोष्टी सांगतो."

"व्हायडा —" फर्गस कसाबसा म्हणाला.

"व्हायडा काय? सांगितलंस का तिला? नाही ना? तोंड बघूनच कळतंय." ती माझ्याकडे वळली. "अगं, ह्याची गाडी फेब्रुवारीतच सुरू झाली! मी पाठवलेला कार्ब्युरेटर बसवला आणि पहिल्या झटक्यात. दर बुधवारी फिरवतो तिला. तू कामावर असतेस तेव्हा."

मी शिडीवरून उतरले. एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. पाद्रीबुवा केक बघत होते. ड्रमंडबाईंनी पदर असता तर तोंडाला लावला असता. त्यांनी ताट लावलं.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"अगं, एकाच तारेवर आहोत आपण," ड्रमंडबाई म्हणाल्या. "तुला तेवढं कळू द्यायचं नव्हतं. तू ऐकायला लागलीस की आम्ही हवापाण्याचं बोलायचो."

"मी ऐकतेय हे कसं कळायचं?"

"तुझ्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ, बाळ! कळ उघडी राहिली की टिकटिक ऐकू येते. अख्ख्या खोऱ्याला."

इतकी वर्षं मी समजत होते की साऱ्या गावाची गुपितं माझ्याकडे आहेत. आणि गावानं एकच गुपित ठेवलं होतं, तेही माझ्यापासून.

मी हातोडा खाली ठेवला आणि फाटकाकडे चालू लागले. तो मागून धावत आला.

"नोएलीन! थांब ना."

"खुराडं!" मी म्हणाले. "खुराड्याचं कुंपण! न्हाणीघराचं कपाट! तुझ्याकडे कोंबडी तरी आहे का एक?"

"आणणार होतो…"

"चार महिने मला वेड्यासारखं राबवलंस!"

"तूच म्हणाली होतीस. गाडी सुरू झाली की एकही शनिवार नाही. शब्दाची पक्की आहेस म्हणालीस." त्याचा श्वास लागला होता. "फेब्रुवारीत ती सुरू झाली ना, नोएलीन, तेव्हा मी आनंदानं ओरडलो. आणि मग लगेच इंजिन बंद करून तिथंच बसलो. म्हटलं, झालं. आता शनिवारी कोण येणार?"

मला हसू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. मी खिशातलं पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. त्यानं वरचा पत्ता वाचला. तांबूस चेहरा हळूहळू पांढरा झाला.

"डनिडिन."

"सोमवारच्या टपालानं."

"जायचंय तुला?"

काय सांगणार? जे ऐकायचं होतं ते त्यानं अजून विचारलंच नव्हतं. मी पाकीट परत घेतलं, फाटकाबाहेर आले, सायकल उचलली. मागे वळून पाहिलं तर तो नव्हता. गेला होता. मनात म्हटलं, बरं. हेही कळलं.

आणि मग कुंपणापलीकडे ताडपत्री फरफटल्याचा आवाज आला. लोखंडी दांडा फिरला. एकदा. दोनदा. ऑगस्टा खोकली, शिंकली आणि धडधडू लागली. मग तिचा भोंगा वाजला.

एक लांब. दोन आखूड.

बायकांची कुजबुज थांबली. हातोडे थांबले. आमच्या खोऱ्यात त्या घंटीचा अर्थ लहान मुलालाही कळायचा. ज्या घराची घंटी, त्या घरातल्याच माणसानं उचलायची. बाकीच्यांनी हात लावायचा नाही.

पुन्हा वाजला. एक लांब, दोन आखूड. ड्रमंडबाईंचा आवाज आला, "अगं, उचल ना! नाहीतर मी उचलते!"

सायकल मी कधी टाकली ते कळलं नाही. कुंपणाच्या त्याच फटीपाशी आले, जिथून तो पहिल्या दिवशी आला होता. पलीकडे तो चालकाच्या जागी बसला होता, दोन्ही हात भोंग्यावर, डोळे फटीवर.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"चालू आहे," तो म्हणाला. "पण तुझ्यासाठी ठेवून देतो सगळं… तू बोल."

"तू बोल. फोन तू केलास."

त्यानं भोंग्यावरचे हात काढले. "ही घंटी तुझ्याही घराची होईल का? मला शनिवार नकोत, नोएलीन. मला सगळे वार हवेत."

"सगळे? गुरुवारसुद्धा? चार वाजता?"

"गुरुवारी आपण दोघं मिळून करू तिमारूला फोन."

"मग ठीक," मी म्हणाले, आणि फटीतून आत गेले. निळा पोशाख काट्यात अडकून फाटला, तो अजून तसाच ठेवलाय मी.

"बाई गं, गाडी चालू निघाली ती निघाली," व्हायडा म्हणाली, "पण माणूसही चालू निघाला. जपून राहा हं!"

दुपारी शेडचं छप्पर पुरं झालं. खिडकी मात्र वाऱ्यात खडखडत होती. तीन शनिवार घालवूनही आम्ही चौकट अर्धं बोट मोठी केली होती. फर्गस पाचर शोधत होता. मी खिशातलं पाकीट काढलं, चार घड्या घातल्या आणि चौकटीत ठोकून बसवलं. खडखड थांबली.

मग आम्ही समुद्रापर्यंत गेलो. पहिली फेरी, ठरल्याप्रमाणे. चढावर ऑगस्टा दमली, तेव्हा तो तिच्या चाकावर हात फिरवून म्हणाला, "चल, माझी राणी."

"कोण राणी?" मी विचारलं.

तो फार विचारपूर्वक रस्त्याकडे पाहू लागला.

आता आमच्या पोस्टामागच्या खोलीत कुणीतरी केस कापतं. तार गेली, घंट्या गेल्या, फोन नातवंडांच्या खिशात गेले. पत्र अजून त्या खिडकीत आहे. मागच्या वर्षी शेड रंगवली तेव्हा मी रंगाऱ्याला त्याला हात लावू दिला नाही. ऑगस्टाची बैठक तिसऱ्यांदा बदलायला काढली आहे, पण आधी नळ, आणि नळाआधी छप्पर. फर्गस अजूनही जेवण झालं की "पाच मिनिटांत आलो" म्हणून मागच्या अंगणात जातो आणि तास तास तिच्यापाशी बसतो. मी भांडी आपटते. एवढ्या वर्षांत सवतीची सवय होते म्हणतात. खोटं आहे ते.

मग अंगणातून भोंगा वाजतो. एक लांब, दोन आखूड.

मी हात पुसते आणि उठते. घंटी आमच्या घराची आहे. उचलायला हवी.